खाडीवरचा कैकर
कोपरखैरण्याच्या पश्चिमेला पसरलेल्या ठाणे खाडीत, जिला 2022 मध्ये रामसर, म्हणजेच आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, हिवाळ्यात उत्तरेकडून कैकर अर्थात ऑस्प्रे हा जवळजवळ केवळ मासे खाणारा शिकारी पक्षी येतो. पाण्यावर क्षणभर पंख फडफडवत स्थिरावून तो पाय पुढे करून सूर मारतो, मात्र सुमारे मीटरभराहून खोल जाऊ शकत नाही. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते आणि तळव्यांवर काटेरी खवले असतात, त्यामुळे निसरडा मासाही सुटत नाही. खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या गर्दीत त्याच्याकडे सहसा दुर्लक्षच होते. पांढरे पोट आणि डोळ्यावरचा काळसर पट्टा यांवरून तो नेहमीच्या घारीपासून वेगळा ओळखता येतो.