कोळीप्रेमी मित्रांना भेटायला परदेशी जाताना

टॅरंटुला पाळणाऱ्यांची जर्मनीतील हक्काची भेटण्याची जागा म्हणजे हॅम शहरातला 'टेरारिस्टिका' मेळा. बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूर गाठले की पुढचा प्रवास विमानाचा. निघण्याआधी हे जाणून घ्या.

● आपला ठेवा : पिसिलोथेरिया हे झाडावर राहणारे टॅरंटुला निसर्गात फक्त भारत आणि श्रीलंकेत आढळतात. त्यांतला निळा पि. मेटॅलिका 1899 साली आंध्रातील गुत्ती येथील नमुन्यावरून शास्त्राला कळला. पुढे 2001 मध्ये तो नंद्याल-गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

● कायदा : 2019 पासून पिसिलोथेरिया ही अख्खी प्रजाती वन्यजीवांच्या व्यापारावरील 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मालाही तेच संरक्षण आहे. असे जीव सीमेपार न्यायला परवाना लागतो. या करारातील यादीतला विदेशी जीव घरी असेल, तर केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

● सामानात काय नको : जिवंत कोळी, अंडी, पिल्ले, कातदेखील. मित्राने प्रेमाने दिलेली डबी नम्रपणे परत करा.

● काय न्यावे : छायाचित्रे, निरीक्षणांची वही, पाळण्याचा अनुभव. कान्हा व्याघ्रप्रकल्पाचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो. तिथून कोणताही जीव उचलणे गुन्हा आहे, पण तिथल्या जंगलाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

● दंशाची काळजी : पिसिलोथेरियाचा दंश अतिशय वेदनादायी असतो. अमेरिकी टॅरंटुलांच्या पोटावरचे केस डोळ्यांत गेल्यास इजा होते. यजमानाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.