दुसऱ्या रविवारची पडताळणी

रात्रीचे 12 वाजून 24 मिनिटं झाली होती. मला नीट ऐकू यावं म्हणून ताईंनी पंखा बंद केला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुस्तकांच्या कपाटाखालून, उंदीर कागद कुरतडतो तशी बारीक कुरकुर सुरू झाली. "लागल्या बघा कामाला," ताई म्हणाल्या.

घरातल्या घरात सर्व्हर कसा चालवतात ते बघून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या या ताई दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या. तिथे रात्रपाळीला एकेक लाइन तपासायची आणि वहीत नोंद करायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आता त्यांच्या ताब्यात जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक आणि 4 टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क आहेत. त्यावर घरातले सगळे फोटो, यजमानांच्या जुन्या निगेटिव्हच्या प्रती, आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेला आईचा आवाज. कॅसेट नंतर बुरशीने गेली. त्यामुळे ती एक फाइल खराब झाली तर पुन्हा आणायची कुठून?

मला खिळवून ठेवलं ते दर महिन्याच्या या पडताळणीने. तिला स्क्रब म्हणतात. डेबियन लिनक्सवर झेडएफएस ही फाइलव्यवस्था बसवली, की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, बरोबर याच मिनिटाला, स्क्रब आपोआप सुरू होतो. डिस्कवर लिहिलेला प्रत्येक ब्लॉक वाचायचा आणि तो लिहिला तेव्हा होता तसाच आहे का, हे पाहायचं. डिस्क बंद पडली तर लगेच कळतं. एखादा बिट गुपचूप पालटला तर कळत नाही. काही वर्षांनी फोटो उघडावा आणि अर्धा राखाडी निघावा, तेव्हा कळतं.

दोन डिस्कवर नुसत्या दोन प्रती ठेवून हे भागत नाही. दोन प्रतींत फरक पडला, तर खरी कुठली? झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची एक खूणसंख्या काढतं, पण ती त्या ब्लॉकजवळ ठेवत नाही. ती त्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये लिहितं, वरच्याची त्याच्याही वर, अशी थेट मुळापर्यंत. मालाची पावती पोत्यातच ठेवली, तर पोतं बदलणारा पावतीही बदलून जातो; इथे पावती वरच्या गुदामात असते. खूण जुळली नाही, की दुसऱ्या डिस्कवरची प्रत तपासायची, ती खरी ठरली तर तिच्यावरून बिघडलेली दुरुस्त करायची. ताईंच्या वहीत अशी एक नोंद आहे: "दुरुस्ती 128 के, चुका 0." ती त्यांनी लाल शाईने लिहिली आहे.

2001 साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी झेडएफएसचं काम हाती घेतलं. 2005 मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला झाला. 2010 मध्ये सन कंपनी ऑरॅकलकडे गेली, आणि 2013 पासून ओपनझेडएफएस या नावाने स्वतंत्र मंडळी तो सांभाळत आहेत. कागदोपत्री इतिहास एवढा पुरे.

ताईंचा पहिला सर्व्हर म्हणजे ऑफिसातून भंगारात निघालेला डेस्कटॉप. प्लगला मीटर लावून त्यांनी मोजलं तर तो 70 वॅट खात होता, म्हणजे महिन्याला 50 युनिट. त्या दोघांचं एरवीचं बिल शंभर युनिटांच्या आत बसे. या एका डब्याने ते वरच्या दराच्या टप्प्यात ढकललं. आताचा संगणक दोन्ही डिस्क धरून 18 वॅटवर चालतो, महिन्याला 13 युनिट. दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात वेगापेक्षा काम नसतानाचा खप बघावा, हे त्यांचं ठाम मत आहे, आणि ते आकडे पाहून मलाही पटलं.

पडताळणी संपेपर्यंत चार तास काढायचे होते. चहा झाला आणि ताई अडचणी सांगू लागल्या.

पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर जाताना क्षणभर वीज तुटते आणि तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून मध्ये छोटा यूपीएस लावला. बॅटरी उतरत आली की तो यूएसबीच्या वायरीवरून निरोप देतो आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. पण बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आणि ते ऐन गुरुवारीच समजतं.

मग परवान्याचा गुंता. झेडएफएसचा परवाना आणि लिनक्सचा परवाना एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ते लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नलसोबत, येत नाही. त्याचा भाग प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो. एका सकाळी अपडेटनंतर तो बांधलाच गेला नाही. डिस्क जागेवर, फोटो जागेवर, पण सर्व्हरला ते वाचताच येईनात. "अर्धा दिवस जीव नुसता टांगणीला लागला होता," ताई म्हणाल्या. जुन्या कर्नलवर परत गेल्यावर सगळं दिसू लागलं.

बाहेरून आत येण्याची वाटही सरळ नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून 429 कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. त्यामुळे अनेक घरांना मिळून एकच पत्ता असतो, आणि जर्मनीतल्या नातीने आजीचा सर्व्हर उघडायचा म्हटलं तर बाहेरून ते घर सापडतच नाही. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही 6 पत्त्याने आणि वायरगार्ड या सॉफ्टवेअरच्या सुरक्षित बोगद्याने तिला वाट करून दिली आहे. तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे असते, कारण आग लागली किंवा चोरी झाली तर या दोन्ही डिस्क एकदमच जातील.

या सगळ्यांवर ताईंकडे उत्तर आहे. एकावर नाही. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि वहीत पहिल्या पानापासून एकच हस्ताक्षर आहे. त्यांनी चार पानी सूचना लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या. गेल्या महिन्यात त्यांनी सुनेला तो कागद दिला, स्वतः एक शब्दही न बोलता शेजारी बसल्या आणि सर्व्हर बंद करून पहिल्यापासून चालू करायला सांगितलं. तीन पायऱ्या ठीक गेल्या. चौथीवर लिहिलं होतं, "पूल इम्पोर्ट करणे." सून म्हणाली, "आई, कुठला पूल?"

"तिची चूक नाही," ताई मला म्हणाल्या. "कागद मी माझ्यासाठीच लिहिला होता." पडद्यावर पडताळणी 61 टक्के झाली होती. ताईंनी चष्मा पुसला, कोरा कागद ओढला, आणि वर "पूल म्हणजे काय" असं लिहून खाली रेघ मारली.