काठीवर उड्या मारणारा कंजूष

कार्टूनवरून बेतलेल्या गेमला ऐंशीच्या दशकात फारशी पत नव्हती. मालिका गाजली की घाईघाईने कॅसेट काढायची, खोक्यावर ओळखीचा चेहरा छापायचा आणि आत काहीही भरायचं, असा रोकडा व्यवहार होता. १९८९ साली निन्टेंडोवर आलेल्या ‘डकटेल्स’ने तो मोडला. डिस्नेची मालिका १९८७ची, अंकल स्क्रूज हे पात्र तर कार्ल बार्क्स यांनी १९४७मध्येच कॉमिकसाठी घडवलेलं. जपानच्या कॅपकॉमने हा ऐवज ‘मेगा मॅन’ करणाऱ्या मंडळींच्या हाती दिला. निर्माते तोकुरो फुजिवारा होते, चित्रं काढणाऱ्यांत केजी इनाफुने होते. त्यांनी मालिकेतल्या कथा बाजूला ठेवल्या आणि म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीकडे पाहिलं.

उडी मारायची, हवेत असताना खालचं बटण आणि ‘बी’ एकत्र दाबायचं, की स्क्रूज काठीवर टुणटुण उडू लागतो. शत्रूच्या डोक्यावर, काट्यांवर, पेटीवर, कुठेही. एरवी प्लॅटफॉर्म गेममध्ये काटे दिसले की पोटात गोळा येतो. इथे तेच काटे रस्ता होतात. एकदा ही युक्ती हाताला बसली की चालणं नकोसंच वाटतं. कॅपकॉमला हे ठाऊक होतं, म्हणून हिमालयाच्या टप्प्यात काठी बर्फात रुतवण्याची खोडी त्यांनी काढली. ज्याची सवय लावली तीच गोष्ट क्षणभर काढून घ्यायची, ही रचनाकाराची खरी हुशारी.

अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हानिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र हे पाच टप्पे हव्या त्या क्रमाने खेळता येत. अडसर एवढाच, की खाणीची किल्ली ट्रान्सिल्व्हानियात. काही जागी नुसतं पोचलं की हवेतून हिरे प्रकटतात. शेवटही किती माया जमवली त्यावर ठरतो. कंजूष नायकाला याहून शोभेल असा हिशेब कुठला?

आणि चंद्राचं संगीत! हिरोशिगे तोनोमुरा यांच्या हाताशी होता पाच स्वरमार्गांचा निन्टेंडोचा ध्वनिसंच, आणि त्यातूनही त्यांनी अशी चाल काढली की लोक खेळणं थांबवून ऐकत बसत. पुढे नव्या ‘डकटेल्स’ मालिकेत हीच चाल डेला डक या पात्राच्या अंगाईत आली. उसनवारी करणाऱ्या गेमने कार्टूनला दिलेली ही परतफेड.

कार्टूनवरच्या बाकीच्या गेमचं थोडक्यात. १९९०चा ‘चिप अँड डेल’ दोघांनी मिळून खेळायचा. पेट्यांबरोबर जोडीदारालाही उचलून फेकता येत असल्याने त्याने बऱ्याच भावंडांत कुस्त्या लावल्या असतील. १९९३मध्ये ‘अलादीन’ दोन वेगळ्या घराण्यांत जन्मला. सेगाच्या यंत्रावरचा व्हर्जिनचा, त्यात तलवार आणि डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने काढलेल्या हालचाली. सुपर निन्टेंडोवरचा कॅपकॉमचा, त्याच्या रचनेत पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’ करणारे शिंजी मिकामी. दिसायला पहिला देखणा, खेळायला दुसरा गोड. माझं मत दुसऱ्याला. १९९४चा ‘लायन किंग’ दुसऱ्याच टप्प्यात माकडांच्या फेकाफेकीने रडवतो. तो मुद्दाम अवघड केला होता, भाड्याने आणलेली कॅसेट दोन दिवसांत संपवून कोणी परत करू नये म्हणून, असं करणाऱ्यांपैकीच लुई कॅसल यांनी नंतर सांगितलं.

आपल्याकडे हे सारं वाकड्या वाटेने आलं. ‘डकटेल्स’ दूरदर्शनवर रविवारी हिंदीत भेटली. निन्टेंडो म्हणून घरात असायचं ते बहुधा नकली यंत्र. कॅसेटवर ‘९९९९ गेम’ लिहिलेलं आणि आत तेच मोजके फिरून फिरून. ‘अलादीन’ आणि ‘लायन किंग’ अनेकांना सापडले ते कॉम्प्युटर क्लासमध्ये, सरांची पाठ वळली की. म्हणून आपल्या पिढीची हळहळ जरा मिश्र आहे. कार्टूनची आठवण कुठली आणि गेमची कुठली, हे वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढायची संधी २०१३मध्ये मिळाली. वेफॉरवर्ड या कंपनीने ‘डकटेल्स’ गेम नव्याने रंगवला. चित्रं सुरेख, स्क्रूजला आवाज मूळ मालिकेतल्या अॅलन यंग यांचाच, तेही वयाच्या ९३व्या वर्षी. पण मध्ये मध्ये संवाद आले, अॅमेझॉनमध्ये आठ नाणी गोळा केल्याशिवाय पुढे जाणं बंद झालं आणि गाडी दर स्टेशनला थांबू लागली. मूळ गेम तासाभरात संपतो, त्यात एक क्षण रिकामा नाही. नव्या आवृत्तीने आपल्याला कार्टून परत दिलं. आपण हळहळत होतो ते त्या उडीसाठी.

या आठवणींवर मालकी मात्र आपली नाही. नवी आवृत्ती ऑगस्ट २०१९मध्ये डिजिटल दुकानांतून काढली गेली आणि मार्च २०२०मध्ये परत आली. परवान्यावर उभ्या असलेल्या गेमचं हे नेहमीचंच दुखणं. मूळ आठ-बिटी ‘डकटेल्स’ २०१७च्या ‘डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’ या सहा गेमांच्या संग्रहात आहे. खेळायचा तर तोच खेळा. त्यात चूक झाली की मागे नेणारं रिवाइंडचं बटण दिलेलं आहे. पहिल्या खेपेला तरी त्याला हात लावू नका.