नावं कोरायची राहिलेले दगड

राळेगणसिद्धीला येणारी माणसं बंधारे बघतात, डोंगरउतारावरचे चर बघतात आणि मग यादवबाबांच्या देवळात येतात. लष्करातून १९७५ साली निवृत्त होऊन गावी आलेल्या अण्णा हजारेंनी या देवळाची दुरुस्ती आपल्या फंडाच्या पैशांतून केली. १९६५च्या युद्धात ते खेमकरण भागात लष्कराचे ट्रकचालक होते. बरोबरचे जवान मारले गेले, ते वाचले. पाणलोटाच्या गोष्टीत हा भाग दोन ओळींत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. रणातून परतलेला शिपाई आधी देवळाकडे वळला, आणि जे परतत नाहीत त्यांचा दगडही आपल्याकडे देवळापाशीच उभा करायची रीत फार जुनी आहे.

नगर, पुणे, सातारा या पट्ट्यातल्या जुन्या शिवमंदिरांच्या आवारात वीरगळ दिसतात. उभी शिळा, तिच्यावर खालून वर वाचायचे तीन-चार कप्पे. सगळ्यांत खाली वीर आडवा पडलेला. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा, आणि गुरं पळवणाऱ्यांशी झुंज असेल तर गाईही. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर याची कीर्ती राहील म्हणून. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. पाथरवटाने वीराच्या हातातलं शस्त्र, कमरेचा शेला, अंगावरचे दागिने मन लावून घडवले. नाव मात्र बहुतेक शिळांवर नाही. गावाला तो कोण होता हे ठाऊकच होतं, लिहायची गरज कुणाला वाटली नसावी. मग पिढ्या सरल्या, माहीत असणारे गेले आणि शिळेला शेंदूर लागला. कुठे तिचा देव झाला, कुठे ती पायरीत बसवली गेली.

राळेगणहून पुण्याला निघालं की घोड नदीकाठी शिरूर लागतं. इथे इंग्रजांची छावणी होती. त्या छावणीत १८०९ साली कर्नल वॉलेस वारला. त्याच्या थडग्यापाशी पंचक्रोशीतले हिंदू शेतकरी ऊद-धूप जाळत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य आणत, त्याला सत्पुरुष म्हणत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या फौजेचा, परक्या धर्माचा सरदार. पण मेलेल्या शिपायाशी कसं वागायचं याची गावाकडे एकच पद्धत होती, ती त्यालाही लागू झाली.

याच शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या मदतीला निघाली आणि सकाळी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेसमोर आली. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. तुकडीत पाचशेच्या आसपास पायदळ, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशे माणूस कामातून गेलं. त्या जागी कंपनी सरकारने स्तंभ उभारायला घेतला, त्याचा पाया मार्च १८२१ मध्ये घातला. मजकूर इंग्रजीत आणि मराठीतही आहे. सरकारने तो आपल्या विजयासाठी बांधला. पण त्या स्तंभावर कामी आलेल्या ४९ जणांची नावं आहेत, आणि ती साध्या शिपायांचीही आहेत.

त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे: सोमनाक कमळनाक, रायनाक येसनाक. ही महार शिपायांची नावं. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. पुढे १८९२ च्या सुमारास त्याच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत राहिलेल्या समाजाला ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असं सांगितलं गेलं, तेव्हा पुरावा द्यायला हा दगड होता. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १ जानेवारी १९२७ रोजी इथे आले, तेव्हापासून दर एक जानेवारीला माणसांची रीघ लागते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीवरच्या चिन्हात हा स्तंभ घेतला गेला. या लढाईचा अर्थ काय यावर वाद होतात आणि होत राहतील. मला एवढंच म्हणायचं आहे की शंभर वर्षांनी नातवंडा-पतवंडांना हक्काने बोट ठेवता आलं, कारण तिथे नाव होतं.

आता पुढच्या शंभर वर्षांनंतरचे दगड बघा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या, देवळाच्या भिंतीत, शाळेत, चावडीत. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात त्या आजही सापडतात. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन रकाने मोकळे, त्यात आकडे. साताऱ्याचं आपशिंगे हे गाव घराघरातल्या फौजींसाठी प्रसिद्ध आहे, नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलं आहे. त्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण मारले गेले. एवढ्याशा गावात सेहेचाळीस घरांत सुतक!

यांतले बरेच मराठा पलटणींमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव इथे उतरली, बगदादच्या दिशेने सरकली आणि कूतमध्ये अडकली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि माळकरी घरांतून आलेल्या पोरांपुढे काय प्रसंग उभा राहिला असेल याचा विचारही करवत नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणखी मेले.

ज्यांच्या कबरी किंवा दहनाच्या जागा सापडल्या नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा आला. इंग्लंडने त्या युद्धातले आपले देह परत आणले नाहीत, म्हणूनच तिथल्या कितीतरी खेड्यांत चर्चजवळ नावांचा क्रूस उभा राहिला. आईला हात ठेवायला निदान एक ओळ मिळाली. आपशिंग्याच्या आईला ना बसऱ्यात ओळ मिळाली, ना गावात. १८२१ साली कंपनीला जे जमलं, ते शंभर वर्षांनी साम्राज्याला का जमू नये? युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी पाणी, चढण आणि सुरुंगांचा पट्टा पार करत दोन जखमींना मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते घरी आले. माणगावकडचे यशवंत घाडगे आदल्या वर्षी १० जुलैला इटलीतच पडले, त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक जुलै २०२३ मध्ये उभारलं. एका कोकणी पोराचं नाव इटलीतलं गाव ऐंशी वर्षांनी कोरतं, तर आपल्या पाट्यांवरचे आकडे तसेच का राहावेत?

हे काम अशक्य नाही. स्मारकावर नसलेली शिपायांची नावं आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता घरबसल्या बघता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा आहे. अडचण आहे ती स्पेलिंगची आणि आडनावांची. पलटणीच्या कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलं, पुष्कळदा आडनाव गाळलं, आणि एकाच नावाची तीन गावं जिल्ह्यात असतात. तिथे कागदापेक्षा माणूस उपयोगी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हेळवी अजून पिढीजात वंशावळी सांगत फिरतात, त्यांच्या वह्यांत घराणी नावानिशी लावलेली असतात. आयोगाची नोंद, हेळव्याची वही आणि गावातली जुनी माणसं एकत्र बसवली, तर सगळी नाही पण निम्मी नावं तरी जुळतील. पाटीला हात लावू नये, ती जशी आहे तशी राहू द्यावी. तिच्या खाली दुसरा दगड बसवावा, साध्या काळ्या पाषाणाचा, आणि ग्रामसभेत नावं मोठ्याने वाचून, कुणाची हरकत आहे का विचारून, मगच पाथरवटाला द्यावीत.