गोष्टीतील माणूस ओळखावा कसा?

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या की मराठीच्या शिक्षकाला एक अनुभव हटकून येतो. ‘अमक्या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न असतो, आणि चाळीस मुलांच्या चाळीस उत्तरांतून तीच तीन विशेषणे रांगेने उभी असतात : प्रेमळ, कष्टाळू आणि त्यागी. पात्र आई असो, शेतकरी असो की शिपाई असो, विशेषणे बदलत नाहीत. ती मुलांनी कथेतून काढलेली नसतात. काही गाईडातून उचललेली असतात, आणि काही, हे कबूल केले पाहिजे, आम्ही शिक्षकांनीच फळ्यावर लिहून दिलेली असतात.

हा प्रश्न चार-पाच गुणांपुरताच असता तर त्यावर आपला वेळ घेण्याचे मला कारण नव्हते. पण माणसाला नीट पाहण्याआधीच त्याला विशेषण चिकटवून मोकळे होण्याची सवय वर्गातच लागते आणि ती वर्गाबाहेरही जाते. हीच मुले पुढे शेजाऱ्याविषयी, घरात आलेल्या सुनेविषयी, हाताखालच्या माणसाविषयी मते बनविणार असतात. म्हणून कथेतील माणूस कसा ओळखावा हे शिकविताना आपण त्यांना पुष्कळ मोठी गोष्ट शिकवीत असतो. ते कसे करावे हे मी एका कथेच्या आधारे सांगणार आहे. त्या तासाला मुलांबरोबर मलाही एक धडा मिळाला. तोही ओघाने सांगेन.

कथा आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे : प्रेमचंदांची ‘ईदगाह’. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद आपली आजी अमीना हिच्याजवळ राहतो. ईदच्या दिवशी तो गावातील मुलांबरोबर तीन कोस चालत शहरातील ईदगाहावर जातो. मित्र जत्रेत खेळणी आणि मिठाई घेतात; हमीद आपल्या तीन पैशांचा लोखंडी चिमटा घेऊन घरी येतो, कारण तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटे भाजतात. आमच्या सीमाभागातील वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोंकणी, कुणाच्या घरी कानडी तर कुणाच्या घरी उर्दू बोलली जाते. पण शीरखुर्मा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. तो शेजारच्या घरून सर्वांकडेच आलेला असतो.

पहिल्या दिवशी मी कथा सबंध वाचून दाखवितो आणि एकही प्रश्न विचारीत नाही. तात्पर्य तर मुळीच विचारीत नाही. तात्पर्य आधी विचारले की मुले शिक्षकाच्या मनातील उत्तर शोधू लागतात आणि कथा बाजूला राहते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार रकाने आखतो : लेखक पात्राविषयी स्वतः काय सांगतो, पात्र काय बोलते, पात्र काय करते, आणि इतर लोक त्याच्याशी कसे वागतात. नियम एकच. रकान्यात विशेषण लिहावयाचे नाही. कथेत घडलेली गोष्टच लिहावयाची, आणि ती कोणत्या परिच्छेदात आहे ते दाखवावयाचे.

सुरुवात मी हमीदपासून न करता अमीनेपासून करतो. ती कशी आहे असे विचारताच उत्तर येते, ‘प्रेमळ’. कशावरून, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मग मी हिशेब मांडावयास सांगतो. शिवणकामाचे आठ आणे अमीनेने ईदसाठी जपून ठेवलेले असतात. पण गवळण पैशांसाठी अडून बसते आणि शेवटी दोन आणे उरतात. आजच्या मुलांना आणे ठाऊक नाहीत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्यापूर्वी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होत असे. म्हणजे दोन आण्यांचे पैसे झाले आठ. त्यांतले तीन हमीदच्या खिशात आणि पाच अमीनेच्या बटव्यात. घरात उरलेल्या रोकडीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तिने एका लहान मुलाच्या हाती जत्रेसाठी दिलेला आहे, आणि उरलेल्या पाच पैशांत सण पार पाडावयाचा आहे. हा भागाकार फळ्यावर झाला की ‘प्रेमळ’ हा शब्द कुणाला लिहावासा वाटत नाही. तो फार थोडा वाटू लागतो.

मग हमीदकडे वळावयाचे. तो त्यागी आहे यावर वर्गाचे एकमत असते. एक चुणचुणीत मुलगी मात्र हरकत घेते : त्याच्याजवळ पैसेच नव्हते, तर त्याने त्याग कसला केला? ही हरकत मोलाची आहे. ती झटकून न टाकता पुन्हा कथेकडे जावे. चक्रपाळण्यात बसावयास एक पैसा पडतो. मातीची खेळणी दोन-दोन पैशांना आहेत. म्हणजे एक खेळणे घेऊन पाळण्यातही बसता आले असते. तीन पैशांत त्याची जत्रा झाली असती. त्याला निवड करणे शक्य होते, आणि ती त्याने केली.

निवड हा शब्द मी येथे मुद्दाम वापरला. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात हाच विचार मांडला आहे. माणूस काय पत्करतो आणि काय टाळतो, विशेषतः ते उघड नसेल अशा वेळी, त्यावरून त्याचा स्वभाव प्रकट होतो, असे त्याचे म्हणणे. म्हणून कोणत्याही कथेत स्वभाव शोधताना मुलांना एकच गोष्ट विचारावी : या माणसापुढे दुसरी वाट कोणती होती? ती वाट सापडली की स्वभाव सापडावयास वेळ लागत नाही.

परंतु हमीदने चिमटा का घेतला, याचे उत्तरही वाटते तितके सरळ नाही. लोखंडी सामानाच्या दुकानापुढे तो उभा राहतो तेव्हाचे त्याचे विचार मी मुलांना एकेक करून वेचावयास लावतो. आजीची भाजणारी बोटे आहेतच. त्याबरोबरच आजी आपल्याला दुवा देईल, शेजारणींना चिमटा दाखवील, आपले नाव होईल, हीही कल्पना आहे. शिवाय मित्रांनी मिठाई खाताना आपल्याला दिली नाही, उलट चिडविले, याचा रागही आहे. प्रेम, मानाची हौस आणि रुसवा ही तिन्ही एका लहानशा मनात एकत्र नांदत आहेत. हे ध्यानी आल्यावर वर्गात एक मुलगा जरा हिरमुसून म्हणाला, ‘‘म्हणजे तो एवढा चांगला नव्हता तर.’’ मी म्हणालो, ‘‘तो खरा होता.’’ इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली पात्रांचे जे दोन वर्ग केले, एका सपाट कल्पनेवर उभी असलेली आणि अनेक बाजू असलेली, त्यांतील दुसरा वर्ग म्हणजे काय हे त्या क्षणी मुलांना व्याख्येवाचून कळले.

दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाचांवर येतो. हमीद तीन पैसे म्हणतो आणि दुकानदार रागावेल या भीतीने पुढे चालू लागतो. मागण्याचे धाडस आहे आणि त्याबरोबर धाकही आहे. मग चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा ठेवून तो ऐटीत मित्रांसमोर येतो. मित्र हसतात आणि वादाला तोंड फुटते. आपला चिमटा त्यांच्या शिपायाहून, भिश्त्याहून, वकिलाहून श्रेष्ठ कसा, हे तो असे काही पटवितो की सगळे निरुत्तर होतात. त्याचा शेवटचा युक्तिवाद तर निव्वळ वेडावाकडा आहे आणि लेखकही तसे लपवीत नाही. पण पोरांच्या वादात तोच जिंकतो. त्यागमूर्ती म्हणून ज्याची पूजा बांधली, तो येथे बढाईखोर, हजरजबाबी पोर होऊन उभा राहतो.

आणि आता ती जागा येते, जिच्यावरून बहुतेक उत्तरपत्रिका पाय न ठेवता पुढे जातात. हरलेले मित्र चिमटा हातात घेऊन पाहू इच्छितात. त्याच्या बदल्यात आपली खेळणी त्याला हाताळावयास देतात. तेव्हा ती खेळणी हमीदला किती सुंदर वाटतात! म्हणजे मघापासून तो ज्यांना माती-माती म्हणून हिणवीत होता, त्यांची ओढ त्याच्या मनातून गेलेली नव्हती. आणि मग तो मित्रांची समजूत घालतो : मी तुम्हाला नुसते चिडवीत होतो, या खेळण्यांची सर माझ्या चिमट्याला कुठून येणार! जिंकल्यानंतर हरलेल्याचे मन राखण्यासाठी हा मुलगा आपण होऊन खाली उतरतो. हे त्याला कुणी करावयास सांगितलेले नाही, आणि त्यातून त्याला काही मिळावयाचेही नाही. माझ्या मते या एका वाक्यात हमीद जेवढा दिसतो, तेवढा चिमटा विकत घेतानाही दिसत नाही. मुलांना हे आपण सांगू नये. ‘वाद जिंकल्यावर तो काय करतो?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. शिक्षकाने थांबण्यास शिकणे हा या पद्धतीतील सर्वांत अवघड भाग आहे.

अशाच एका थांबण्याच्या वेळी माझ्या वर्गात जे घडले ते आता सांगतो. मी विचारले होते, ‘‘आजीची बोटे भाजतात हे हमीदला कसे कळले?’’ लेखकाने ते सांगितलेले नाही. अमीना तक्रार करताना कोठेही दिसत नाही. बराच वेळ कुणी बोलेना. मग शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो रोज उशिरा येई, गृहपाठ अपुरा ठेवी, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने ‘आळशी’ असा शेरा लिहिला होता. तो म्हणाला, ‘‘सर, तो चुलीपाशी बसत असणार. चुलीपाशी बसणाऱ्यालाच ते दिसतं. बाई माणूस बोट भाजलं तर ओरडत नाही; नुसतं कानाला लावते.’’

वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबविले. हळूहळू कळले ते असे : आई पहाटेच कामाला जाते, धाकट्या भावंडांसाठी भाकऱ्या तोच थापतो, त्यांना शाळेत पोचवितो, आणि मग आपल्या शाळेत येतो. उशीर होण्याचे कारण त्याने मला कधी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते. मुलांकडून मी प्रत्येक विशेषणाला पुरावा मागत होतो. माझ्या शेऱ्याला पुरावा काय होता? फळ्यावरचे चारही रकाने त्याच्या बाबतीत मी रिकामे ठेवले होते. तो काय करतो याची मी चौकशी केली नव्हती आणि तो काय बोलतो ते ऐकून घेतले नव्हते. फक्त तो वर्गाच्या दारात केव्हा उभा राहतो तेवढे पाहिले होते. छापील शेरा खोडता येत नाही. त्याखाली मी नवा मजकूर लिहिला आणि त्याच्यासमोर मुख्याध्यापकांकडे नेऊन दिला. तेव्हापासून प्रगतिपुस्तकात विशेषण लिहिण्याचे मी सोडले आहे. ‘गणिताचे बारा गृहपाठ अपुरे, तोंडी उत्तरे बरोबर’ असे लिहितो. पालकांनाही ते अधिक उपयोगी पडते, आणि पुष्कळदा त्यावरूनच बोलणे सुरू होते.

कथेच्या अखेरीस मी मुलांना दहा ओळींचे लेखन देतो : ओळखीच्या एका माणसाविषयी लिहा, पण त्याच्या स्वभावाचे एकही विशेषण वापरू नका. पहिल्या खेपेस मुले फार अडखळतात. मग पाहू लागतात. एका मुलीने लिहिले की आजी सर्वांना चहा ओतते आणि आपला कप शेवटी भरते. तो बहुधा अर्धाच भरतो. मी त्या वहीवर काही लिहिले नाही. फक्त ती वर्गात मोठ्याने वाचून दाखविली.

या सर्वांस दोन तासिका आणि एक गृहपाठ एवढाच वेळ लागतो. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती सहकाऱ्यांना वाटते, ती मलाही वाटत असे; पण एका कथेत ही दृष्टी आली की पुढच्या कथांना निम्मा वेळ पुरतो. ज्या घरांत मुलांना गोष्ट वाचून दाखविण्याची चाल अजून टिकून आहे तेथेही हे करता येईल. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नये. ‘तो असे का वागला असेल?’ असे विचारावे, आणि उत्तर आल्यावर ‘कशावरून?’ एवढेच म्हणावे. मग मूल पुस्तक ओढून घेते आणि पाने उलटू लागते. ते पाने उलटीत असेल तोवर आपण बोलू नये.