गिअरबॉक्स खोलण्याआधी वायरिंग आणि तेल तपासा

जव्हार-मोखाड्याच्या घाटात पावसाळ्यात दरड काढणारा जेसीबी मध्येच ओढायचा थांबतो, थोड्या वेळाने आपोआप चालू लागतो आणि लगेच सल्ला मिळतो, गिअरबॉक्स खोला. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. झिजलेल्या क्लच प्लेटा विश्रांती देऊन पुन्हा जाड होत नाहीत; बिघाड येतो-जातो तेव्हा पहिला संशय वायरिंग आणि तेलावर घ्यावा. पुढे-मागेची निवड सोलेनॉइड व्हॉल्व्हवर चालते अशा मशीनमध्ये कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला, की हादऱ्याने करंट तुटतो आणि पुन्हा जुळतो. तेल कमी असेल तर चढावर तिरक्या झालेल्या मशीनचा पंप हवा ओढतो. सपाटीवर सगळं ठीक.

यावर उत्तर येतं, ‘मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, वायर चांगली आहे.’ पण प्लग काढून मोजलं तर एकाच तारेवर तग धरलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. सोलेनॉइड जोडलेला ठेवून मोजा, मग व्होल्टेज कोसळताना दिसेल. अर्थचा बोल्टही तसाच तपासा. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या सीलमधून गळतं, दाब पडतो आणि मशीन थंड झाल्यावर पुन्हा ओढतं. हे खरंच घडतं, पण तो बिघाड तापमानाच्या मागे जातो, खड्ड्यांच्या नाही. म्हणून चाकांना दगड लावून, बिघाड चालू असतानाच प्रेशर गेज जोडा. तेल पुरेसं, सोलेनॉइडला करंट पूर्ण, व्हॉल्व्ह मोकळा आणि तरीही क्लचचा दाब कमी, असं दिसलं तरच गिअरबॉक्स खोला, तोही छपराखाली.