एक रत्तल शिसं

एक रत्तल शिसं घ्या, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. ते वितळवून त्याच्या अगदी सारख्या बारा गोळ्या पाडा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या पाडल्यात तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. आकडा वाढला की भोक अरुंद होतं, हे उलटं गणित बंदूक वापरणाऱ्या पुष्कळांना पाठ असतं. त्यामागचं शिसं मात्र ठाऊक नसतं. बारा बोअरच्या नळीचा व्यास भरतो साडेअठरा मिलिमीटर आणि तिच्यात बसणाऱ्या गोळीचं वजन जेमतेम ३८ ग्रॅम. भोक मोजायचं ते पट्टीने नव्हे, तराजूने! आणि ही रीत अजून जगभर चालू आहे.

कोकण किनाऱ्यावरच्या हर्ण्याला तराजूची ही भाषा जुनीच. समोर समुद्रात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गावर एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सच्या जहाजांनी तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्रे यांच्या हातून किल्ला गेला. त्या काळच्या तोफाही गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात, बारा रत्तली, चोवीस रत्तली अशा. तोफेचा एक गोळा किती रत्तल, हे विचारायचं; बंदुकीच्या किती गोळ्यांचा एक रत्तल, हे विचारायचं. इतकाच फरक. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये आग्नेय लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीत एक तिकोनी मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचं नाव दिलं, अर्थात इंग्रजांच्या जिभेला जमेल तसं. तो अजून उभा आहे.

आता बंदरावरून वर सड्याकडे या. कातळ, आंबा-काजूच्या बागा, मधल्या खाचरांत भात. भात दाण्यावर आलं की रात्री रानडुकरं उतरतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. राखणीला बसणाऱ्याच्या हातात बॅटरी, पत्र्याचा डबा आणि क्वचित कुणाकडे परवान्याची बंदूक असते. हौशी शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संपली. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं, तर बंदुकीचा परवाना असूनही वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. तेव्हा इथे ‘शिकारीसाठी कोणती बंदूक घ्यावी’ हा प्रश्न मुळात ‘पिकासाठी कोणती मिळेल’ असा विचारावा लागतो.

त्याचं उत्तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात इतकं शेताच्या बांधावरचं कलम दुसरं सापडणं कठीण. पीकरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच काडतुसाची, आतून गुळगुळीत नळीची. आणि ती नळी वीस इंचांहून आखूड नको.

ठासणीची म्हणजे तोंडाने भरायची. दारू, मग बोळा, मग छर्रे, परत बोळा. गजाने ठासायचं आणि मागच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. या टोपीपाशी मी दर वेळी थबकतो. तिच्या मुळाशी आहे स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फॉर्सिथ नावाचा पाद्री. याला पक्षी मारायचा नाद. तेव्हाच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भुर्रकन पेटायची आणि मग आतली. मधल्या क्षणात जाळ-धूर पाहून पाखरू उडून जायचं. वैतागून त्याने आघाताने पेटणारी रसायनं बंदुकीला जोडली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. टोपी त्यातूनच पुढे निघाली. एका पाद्र्याची पाखरं निसटत होती, म्हणून आज दापोली तालुक्यातल्या एखाद्या मांगरात भिंतीला टांगलेली बंदूक पावसाळी रात्रीही पेट घेऊ शकते.

‘शकते’ म्हटलं, कारण कोकणचा पाऊस आणि काळी दारू यांचं वैर जुनं. दारू ओल धरते, उडाल्यावर मागे राहिलेली राख हवेतलं पाणी ओढते आणि खाऱ्या वाऱ्यात नळी बघता बघता तांबारते. काडतुसाने दारू बंद डबीत ठेवली खरी, पण पूर्वी ती डबी कागदाची असे. पहिल्या महायुद्धात खंदकांत अमेरिकी सैनिकांची कागदी काडतुसं ओलीने फुगली आणि बंदुकीत अडकू लागली. शेवटी पितळेची काढावी लागली. आता प्लॅस्टिकची असतात. आपल्याकडची बारा बोअरची पुष्कळशी काडतुसं येतात पुण्याजवळच्या खडकीतून, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्यातून.

खंदकातल्या त्या बंदुका होत्या पंप अ‍ॅक्शनच्या. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात स्प्रिंगवर एकामागे एक बसलेली काडतुसं. डाव्या हातातली लाकडी मूठ मागे ओढली की खिट्टी उघडते, रिकामं काडतूस बाजूला उडतं, घोडा चढतो आणि खालच्या नळीतून एक नवं काडतूस पाळण्यात येऊन पडतं. मूठ पुढे ढकलली की पाळणा ते वर उचलतो, खिट्टी ते नळीत सारते आणि कुलूप लागतं. एवढी कामं, हात मात्र एकदाच मागे आणि एकदाच पुढे. शिवाय आत भरलेलं काडतूस उडेपर्यंत मूठ मागे येतच नाही. आलीच पाहिजे असेल, तर एक कळ मुद्दाम दाबावी लागते. ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८८२ मध्ये अशी बंदूक बाजारात आणली होती. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी १८९३ आणि १८९७ मध्ये केलेल्या बंदुकांनी ती जगभर रुजवली. आपल्या देशात बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातही ती बनते.

यंत्र म्हणून मला ती दुनळीपेक्षा देखणी वाटते. पण दुनळीची एक करामत तिला जमत नाही, आणि त्यासाठी नळीच्या तोंडात डोकवावं लागेल. छर्रे बाहेर पडल्यावर पसरतात. किती पसरतील, हे नळीच्या शेवटच्या काही इंचांतल्या आकुंचनावर ठरतं. त्याला चोक म्हणतात. सरळ नळीतून ४० यार्डांवर, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात साधारण ४० टक्के छर्रे पोचतात. पूर्ण चोक असेल तर ७० टक्के. आणि या दोहोंत नळीच्या तोंडाचा फरक किती, तर सुमारे एक मिलिमीटर! दुनळीत एक नळी मोकळी आणि दुसरी चोकची ठेवता येते. जनावर जवळ की लांब, ते पाहून घोडा निवडायचा. पंपाला नळी एकच, म्हणून निर्णय घरून निघतानाच घ्यावा लागतो.

छर्ऱ्यांची कथा तर याहून सुरस. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये स्वतःच्या घरावरच मनोरा चढवला आणि वरून वितळलेलं शिसं चाळणीतून खाली पाण्यात सोडलं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि निवून घट्ट होतो. पृष्ठताणाचा हा तोच नियम, जो पागोळीच्या थेंबाला गोल करतो. शिशात थोडा अर्सेनिक मिसळला की गोलाई आणखी नेमकी येते. साचा नाही, घासकाम नाही. बारीक छर्ऱ्यासाठी याहून स्वस्त कारागीर कुणाला मिळाला असता?

सहा नंबरचे छर्रे औंसाला २७० बसतात, तर डुकरासाठी वापरतात ते एलजीचे अवघे सहा, प्रत्येकी नऊ मिलिमीटरचा. पुन्हा तराजूच! सहा नंबरचा छर्रा तितराला पुरतो, डुकराच्या जाड कातड्याला नाही. जनावर जखमी होऊन रानात शिरतं आणि तिथून पुढे ते डुकराइतकंच माणसालाही वाईट.

मग हर्ण्याच्या सड्यावर पंप घ्यावी का? माझं मत नाही असं आहे. झपाझप पाच बार काढायची सोय दलदलीवरून थव्याने उडणाऱ्या बदकांसाठी ठीक. इथे करवंदीच्या जाळीतून पंधरा-वीस पावलांवर डुक्कर निघतं, दिसतं क्षणभर, आणि दुसऱ्या बाराला सहसा थांबत नाही. शिवाय झुडूप हललं म्हणून बार टाकला आणि पलीकडे आपलाच माणूस होता, अशा बातम्या कोकणात अधूनमधून येतात. पोटात पाच काडतुसं असली की घाई करायचा मोह वाढतो. ठासणीवाल्याला मोहच परवडत नाही, त्याचा दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर दोन खाचरं ओलांडून गेलेलं असतं. काडतुसाची मिळालीच, तर मोकळ्या चोकची साधी दुनळी घ्यावी. ती मोडून खांद्यावर टाकली की आत काडतूस आहे की नाही, हे बांधावर समोरून येणाऱ्यालाही लांबून दिसतं, आणि रोज रात्री नळीतून तेलाचं फडकं फिरवायला तिचे भाग सुटे करणंही सोपं.